तेरा खणांचा कळप

मुलांनो, वाचायला बसलाच आहात तर जरा माझ्याबरोबर कल्पना करा. तुमच्यासमोर एक जाडजूड संगणक आहे. मागच्या बाजूनं पोट सुटलेला, पेटीएवढा. पडदा निळा आणि त्यावरची अक्षरं पिवळी. माऊस नाही, इंटरनेट नाही. पडद्यावर चित्र हवं असेल तर ते कुठून आणायचं? कुठूनही नाही. एक ठिपका हवा असेल तर तो डावीकडून किती, वरून किती आणि कोणत्या रंगाचा, हे सगळं तुम्हीच लिहून सांगायचं. मेंढी हवी असेल तर असे चाळीस ठिपके. ती चालायला हवी असेल तर चाळीसही पुसायचे, थोडं पुढं सरकायचं आणि पुन्हा चाळीस काढायचे. असं एका सेकंदात पंधरा-वीस वेळा.

दिसलं? आता त्या पडद्यासमोर नववीतला एक मुलगा बसवा. हडकुळा, केस तेलानं चापून बसवलेले, अंगाला घोंगडीचा वास. त्याचं नाव भारत.

मी त्याची मॅडम. सुरेखा मॅडम. १९९८ साली आमच्या शहराचं नाव औरंगाबाद होतं, आणि औरंगपुऱ्यात एका औषधाच्या दुकानावर माझा संगणकाचा क्लास होता. पाच संगणक. चपला खाली जिन्यात काढून यायच्या, कारण धुळीनं संगणक आजारी पडतो असं आम्हाला कंपनीच्या माणसानं सांगितलं होतं. माझ्या सासूबाईंनी प्रत्येक संगणकाला फुलाफुलांचं कापडी झाकण शिवून दिलं होतं. त्या गल्लीत थंड हवेचं यंत्र फक्त आमच्याकडं, म्हणून उन्हाळ्यात मुलांना सोडायला आलेले बाप तास संपेपर्यंत मागच्या बाकावर बसून राहायचे. वीज गेली की बॅटरीचा डबा शिट्टी घालायचा, आणि मी ओरडायचे, "सेव्ह करा, सेव्ह करा!" मग पाचही मुलांची बोटं एकदम धावायची.

भारत पडेगावहून सायकलवर यायचा. छावणीतून, मिल कॉर्नरवरून, घामाघूम होऊन. त्याचं घर मेंढरांचं. घरात संगणक सोडा, टेबलही नव्हतं. आठवड्यातून दोन तास त्याला संगणक मिळायचा, म्हणून तो प्रोग्राम आधी वहीत लिहायचा. मेंढरांमागं फिरताना, बाभळीखाली बसून. चौकटीच्या वहीत एकेक घर रंगवून त्यानं मेंढी काढली होती. क्लासला आला की वही मांडीवर ठेवून नुसता टाईप करत सुटायचा. इतर मुलं टाईप करून मग विचार करायची. हा विचार करून आलेला असायचा.

कोर्सच्या शेवटी प्रत्येकानं एक प्रोग्राम करून दाखवायचा होता. कुणी बेरीज-वजाबाकी केली, कुणी मार्कलिस्ट केली. भारतनं खेळ केला. मेंढरं रानातून घरी न्यायची, एवढाच खेळ. पण त्यासाठी त्यानं आधी स्वतःचं एक इंजिन लिहिलं.

इंजिन म्हणजे काय ते सांगते. गल्लीतली पिठाची गिरणी बघितली आहे ना? तुम्ही गहू घाला, ज्वारी घाला, डाळ घाला. गिरणी तीच, दळणं वेगळी. खेळाचंही तसंच असतं. बोट कोणत्या बटणावर आहे ते बघ, सगळ्यांना थोडं थोडं सरकव, पडदा पूस, नव्यानं चित्र काढ, पुन्हा पहिल्यापासून. हे काम न थकता करत राहणारी गिरणी म्हणजे इंजिन. मग त्यात मेंढरं घाला नाहीतर मोटारी घाला. आज अशी इंजिनं तयार मिळतात. भारतला तयार काही मिळालं नव्हतं, म्हणून त्यानं ते घडवलं.

त्यानं प्रोग्रामच्या छापील कागदांची गड्डी आणून दिली. तो प्रिंटर कर्र कर्र करत एकाला एक जोडलेली पानं बाहेर टाकायचा, दोन्ही कडांना भोकं असलेली. पाच संगणक आणि चाळीस मुलं, त्यामुळे मी सगळं कागदावरच तपासायचे, लाल पेनानं. भारतच्या चौथ्या पानावर माझा पेन थांबला. वर लिहिलं होतं:

`struct mendhi kalap[13];`

म्हणजे कळप नावाची एक रांग, तिच्यात तेरा खण, एकेका खणात एकेक मेंढी. आणि खाली त्यांना चालवणारी ओळ:

`for (i = 1; i < 13; i++)`

सी भाषेत पहिल्या खणाचा नंबर एक नसतो, शून्य असतो. म्हणजे तेरा खणांचे नंबर शून्य ते बारा. भारतनं एकपासून सुरुवात केली होती, म्हणजे त्याची बाराच मेंढरं चालणार आणि शून्य नंबरची जागेवर उभी राहणार. ही चूक मी रोज बघत होते. माणसाला एकपासून मोजायची सवय असते आणि प्रत्येक मूल एकदा तरी इथं ठेचाळतंच. मी त्या एकाभोवती लाल वर्तुळ काढलं, वर शून्य लिहिलं, कडेला शेरा मारला: "सी मध्ये मोजणी शून्यापासून! किती वेळा सांगायचं?" दहापैकी दोन मार्क कापले. शेवटचं पान वरवर बघितलं आणि खाली आठ लिहून सही केली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर कागद परत देताना मला थट्टा सुचली. "काय रे भारत, बारा मेंढरं घरी नेलीस आणि एक रानातच सोडून आलास की! आज वडील जेवायला देतील का?"

क्लास खदखदून हसला. भारत उभा होता. त्यानं कागदाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "व्हय मॅडम," म्हणाला आणि बसला.

पुढच्या कोर्सला तो आला नाही. का, हे मी कधी विचारलं नाही.

आता सत्तावीस वर्षं पुढं या. क्लास कधीच बंद झाला. मी सिडकोत राहते आणि शनिवारी सकाळी ओट्यावर आसपासच्या मुलांना जमेल तेवढं शिकवते. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या त्या आठवड्यात फाटकाशी एक मोटारसायकल थांबली. चालवणाऱ्या माणसाच्या कानांवर पांढरे केस आले होते, तरी मी त्याला ओळखलं.

"भारत?"

"व्हय मॅडम." तेच दोन शब्द. तो आता वाळूजच्या एका कारखान्यात यंत्रांची देखभाल करतो आणि बजाजनगरात राहतो. मागच्या सीटवरून उतरलेली मुलगी त्याची, प्रांजली, सातवीत. तिच्या छातीशी कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"पडेगावला आबांच्या ट्रंकेत घावलं," ती म्हणाली. "आजीनं गोधड्यांच्या खाली ठेवलं व्हतं. ह्याच्यावर तुमचं नाव हाय."

त्याच कागदांची गड्डी. पिवळी पडलेली, कडेला उंदरांनी कुरतडलेली. शेवटचं पान नव्हतं. सुगंधाबाईंनी, म्हणजे भारतच्या आईनं, ते कधीतरी पिठाच्या डब्याखाली घातलं असावं.

"मला हे चालू करायचंय," प्रांजली म्हणाली. "तीन आठवड्यांच्या आत."

"तीनच आठवडे का गं?"

तिनं वडिलांकडं बघितलं. भारतनं सांगितलं. त्याचे वडील कारभारी, वय पंचाहत्तरच्या पुढं. गुडघे गेले. पडेगावच्या आसपास सगळीकडं प्लॉट पडले, चारायला जागा उरली नाही. मेंढरं आता पाचोडच्या पुतण्याकडं जाणार, सोमनाथकडं. तीन आठवड्यांनी रविवारी तो टेम्पो घेऊन येणार होता.

"आबा रोज सांजच्याला मेंढरं मोजून आत घेत्यात," प्रांजली म्हणाली. "मग त्या रविवारी सांजच्याला ते काय मोजतील?"

मी म्हणाले, "ये उद्यापासून."

ती येऊ लागली. जुनं निळ्या पडद्याचं सगळं आजच्या लॅपटॉपवर चालत नाही. चित्र काढायची नवी साधनं जोडावी लागली, पण भारतचं इंजिन आम्ही जसंच्या तसं ठेवलं. प्रांजली कागद बघून ओळ न् ओळ टाईप करायची. मी शेजारी पालक निवडत बसायचे.

"मॅडमआजी, एकवीस चुका दाखवतंय हे!"

"पहिली बघ. बाकीच्या तिच्या मागं आलेल्या असतात."

तिनं बघितलं. "एका ओळीच्या शेवटी अर्धविराम ऱ्हायला. एवढ्या बारक्या टिंबासाठी इतका तमाशा?"

"रस्त्यात सिग्नल नसला तर काय होतं?"

"आमच्याकडं असला तरी तेच व्हतं," ती म्हणाली आणि टिंब देऊन मोकळी झाली. एकवीसच्या एकवीस चुका गेल्या. तिनं हात वर करून ओट्यावर एक गिरकी घेतली.

लाल पेनाच्या खुणा आल्या की ती विचारायचीसुद्धा नाही. मी वर्तुळ काढलेला आकडा ती बदलून लिहायची. चौथ्या पानावर एकाच्या जागी तिनं शून्य लिहिलं. "पप्पा लई चुकायचे का?" तिनं विचारलं.

"फार नाही," मी म्हणाले.

दुसऱ्या रविवारी ती लॅपटॉप घेऊन पडेगावला गेली आणि सोमवारी शाळा सुटल्यावर थेट माझ्या ओट्यावर येऊन धपकन बसली.

"काय म्हणाले आबा?"

"म्हणाले, ही मेंढरं नाय." तिनं आजोबांसारखा खर्जातला आवाज काढला. "ह्यांना कुणी मालक हाय का नाय? ही तर पंगत उठल्यावाणी उधळलीत."

आम्ही पुन्हा चालवून बघितलं. आबांचं खरं होतं. पडद्यावर एक कुत्रा होता, तो बाण दाखवणाऱ्या बटणांनी हलायचा. कुत्रा जवळ आला की मेंढरं पळायची, हे ठीक. पण कुत्रा लांब गेला की ती घराच्या दिशेनं निघायची नाहीत. सगळी एका ठिकाणी गोळा होऊन थरथरत राहायची. प्रोग्राममध्ये लिहिलं होतं, प्रत्येक मेंढीनं शून्य नंबरच्या मेंढीकडं सरकावं. तशी ती सरकत होती. पण शून्य नंबरची स्वतःकडंच सरकत होती, म्हणजे जागची हलत नव्हती.

आम्ही कुत्र्याचा वेग बदलला. मेंढरांमधलं अंतर बदललं. आठवडा असाच गेला.

"पप्पांना विचारलंस?"

"विचारलं. म्हणाले, काय आठवत नाय गं, लई वर्षं झाली." प्रांजलीनं गुडघ्यावर हनुवटी ठेवली. "शेवटच्या पानावर काय असंल मॅडमआजी?"

ते पान मी तपासलं होतं. त्यावर माझी सही होती. आणि त्यावर काय होतं ते मला आठवत नव्हतं.

शेवटचा शनिवार आला. दुसऱ्या दिवशी टेम्पो. मी प्रांजलीला म्हणाले, "कागद पुष्कळ बघितले. चल, आता मेंढरं बघू." रिक्षा करून आम्ही दुपारनंतर पडेगावला गेलो. प्रांजली दर शनिवारी-रविवारी तिथं जायची खरी, पण दिवस मावळायच्या आत बाप तिला परत न्यायचा. कळप घरी येताना तिनं नीट बघितलाच नव्हता.

घरामागं जाळीचं कुंपण होतं. त्याला ते वाघर म्हणतात. त्याला एक माणूस जाईल एवढीच फट. सुगंधाबाईंनी आम्हाला बाजेवर बसवलं आणि चहा दिला. प्लॉटच्या पांढऱ्या दगडांमधून धूळ उठली, घुंगरू ऐकू आले आणि कारभारी दिसले. डोक्याला लाल फेटा, खांद्यावर आडवी काठी, चाल लंगडी.

सगळ्यांच्या पुढं एक शेळी होती, मेंढी नव्हे. कपाळावर पांढरा टिक्का, गळ्यात घुंगरू. ती वाघरेच्या फटीपर्यंत आली, पण आत गेली नाही. कारभारी फटीच्या एका बाजूला उभे राहिले आणि ही त्यांच्या शेजारी, जणू तिलाही मोजायचं होतं. मग मेंढरं एकेक करून आत जायला लागली. कारभारी प्रत्येकीच्या पाठीला काठीचं टोक लावायचे आणि ओठातल्या ओठात पुटपुटायचे. शेवटची गेली तशी ती शेळी स्वतःहून आत शिरली. कारभारींनी फट बांधली.

"किती झाली दादा?" मी विचारलं.

"चोवीस. भरली."

"पंचवीस हायेत आबा," प्रांजली बाजेवर उभी राहून म्हणाली. "मी इथनं मोजली."

"चोवीसच."

"मंग ही चांदी कुठं गेली? ती टिक्क्याची?"

"चांदीला कोण मोजतं?" म्हातारा हसला. दोनच दात होते. "पुढारीन हाय ती. मोजायची ती तिच्या मागून येनारी. माझा आजा मोजत नव्हता, बाप मोजत नव्हता. चांदी हायेच म्हणून तर मोजायचं. तीच नसली तर मोजायला ऱ्हातंय काय?"

सुगंधाबाई चुलीपाशी बसून म्हणाल्या, "आनं मोजली तर दिष्ट लागती तिला. तुला बापानं एवढंबी सांगितलं नाय का गं?"

प्रांजली बाजेवरून उतरली, दप्तरातून कागदांची गड्डी काढली आणि चौथं पान उलगडलं. तिनं त्या लाल वर्तुळावर बोट ठेवलं. मीही बघत होते. बोलायची हिंमत तिनं आधी केली.

"मॅडमआजी, शून्य नंबरच्या खणात चांदी व्हती."

"हो," मी म्हणाले.

"पप्पा चुकले नव्हते. बारा मेंढरं आनं एक पुढारीन. म्हणून तेरा खण. म्हणून एकपासून."

"हो."

"आनं शेवटच्या पानावर चांदी एकटीच घराकडं चालत असंल. कुत्र्याला न भिता. तुम्ही तिला पण मेंढरांत घातलं. मंग ती कुत्र्याला भ्यायला लागली. कोण कुणाच्या मागं जानार?"

मुलांनो, मी आयुष्यात हजारभर मुलांना शिकवलं असेल. मला इतकं नेमकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

तिनं तिथंच, उलट्या घातलेल्या घमेल्यावर लॅपटॉप ठेवला. शून्याच्या जागी परत एक लिहिला. मग हरवलेलं पान ती स्वतः लिहायला बसली. चांदी दर फेरीला घराकडं एक पाऊल टाकील. कुत्रा कुठंही असला तरी टाकील. फटीपाशी आली की थांबील, आणि बाराही आत गेली की मगच आत जाईल. मी फक्त एका ठिकाणी कंस मिटायचा राहिला होता तो दाखवला. बाकी सगळं तिचं.

चालवून बघितलं. टिक्क्याची शेळी निघाली आणि तिच्यामागं रानभर पसरलेली बारा मेंढरं हळूहळू रांगेला लागली.

"आबांना बोलाव की," मी म्हणाले.

प्रांजलीनं वाघरेकडं बघितलं. कारभारी आत उकिडवे बसून एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होते.

"आज नाय," ती म्हणाली. "आज त्यांच्याजवळ खरी हायेत. उद्या."

रविवारी दुपारी भारत मला न्यायला आला. छावणी मागं पडल्यावर तो म्हणाला, "सकाळी गेली. आधी एकबी टेम्पोत चढंना. सोमन्या दमून गेला ओढून ओढून. मंग आबांनी चांदीला वर घातलं, की सगळी आपोआप गेली."

"भारत," मी म्हणाले, "प्रांजलीनं सांगितलं तुला?"

"सांगितलं. मंग आठवलं मला. चांदीची पणजी असंल ती, तिचं नाव बी चांदीच. तिला मी शेवटच्या पानावर चालवली व्हती."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

वारा कानात भरत होता. त्यानं मान थोडी मागं वळवली. "तुम्ही लाल पेनानं लिवलं व्हतं ना मॅडम. मला वाटलं, तुमचंच बरोबर असंल. घरी येऊन आबांना म्हनलो बी, सी मध्ये चांदीला मोजत्यात. तर ते म्हनले, मंग ते आपल्या कामाचं नाय." तो हसला. मला हसता आलं नाही.

दिवस कलला होता. कारभारी रिकाम्या वाघरेच्या फटीशी काठी घेऊन उभे होते, रोजच्याच जागी. जाळी अजून तशीच होती. सुगंधाबाई दाराशी बसून त्यांच्याकडं बघत होत्या. "दुपारधरनं असंच चाललंय," त्या हळूच मला म्हणाल्या. "बसा म्हनलं तर बसत नायत."

प्रांजलीनं घमेलं उचलून थेट फटीत नेऊन पालथं घातलं. वर लॅपटॉप ठेवला. "आबा, मेंढरं आली," ती म्हणाली. "मोजून घ्या."

म्हाताऱ्यानं तिच्याकडं असं बघितलं की मला वाटलं रागावणार. पण पडद्यावर घुंगराचा आवाज झाला. तो तिनं आदल्या संध्याकाळी मोबाईलवर भरून घेतला होता, खऱ्या चांदीचा. कारभारी खाली वाकले. मग गुडघ्याला हात लावत जमिनीवर बसले.

टिक्क्याची शेळी माळावरून येत होती. मागं रांग. फटीपाशी आली आणि बाजूला उभी राहिली. कारभारींनी काठी उचलली आणि आत जाणाऱ्या पहिल्या मेंढीच्या पाठीला टोक लावलं.

"अवं, काठी नका लावू त्याला, काच फुटंल!" सुगंधाबाई ओरडल्या.

कुणी ऐकलं नाही. काठीचं टोक पडद्याला हलकेच टेकत राहिलं. ओठ हलत राहिले. बारावी आत गेली. शेवटी ती शेळी स्वतःहून शिरली. तिला त्यांनी काठी लावली नाही.

"बारा," कारभारी म्हणाले. "भरली."

मग ते मान वर करून मुलाला म्हणाले, "भारत्या, ही तू केली व्हती?"

"व्हय आबा. शाळेत असताना."

"मंग इतकी वर्षं दावली का नाय?"

भारतनं माझ्याकडं बघितलं नाही. तो नुसता जाळीची एक गाठ उगीच सोडत आणि बांधत राहिला.

प्रांजलीनं हे सगळं बघितलं. ती उठली, दप्तर घेऊन आली आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसली. कागदांची गड्डी तिनं माझ्या मांडीवर ठेवली, चौथं पान वर काढून. वर्तुळ, शून्य, माझा शेरा. मग तिनं कंपास उघडला, त्यातून लाल पेन काढला, दातांनी त्याचं टोपण ओढलं आणि पेन माझ्या हातात दिला.